शाळेच्या गेटवर ग्रेडची पाटी लावावी का? तुम्हाला काय वाटतं

शहापूरची आई
माझी मुलगी तिसरीत आहे, इथं बेळगावात सरकारी मराठी शाळेत. मागच्या आठवड्यात एसडीएमसीच्या, म्हणजे पालकांच्या शाळा समितीच्या मीटिंगला पहिल्यांदाच गेले, तिथं टेबलावर शेरेबुक पडलेलं. म्हणजे सीआरपी (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे) नाहीतर बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसचे साहेब शाळा बघून गेले की शेरा लिहून सही करतात ना, ते. उघडलं तर सगळं कानडीत. मला बोलता येतं, बाजारात काही अडत नाही, पण हातानं लिहिलेलं वाचता येत नाही. मग शेजारच्या अक्कांना बोलवून वाचून घेतलं. तीन भेटी, तीन तारखा, तीन वेगळी अक्षरं आणि तिन्हीकडं एकच वाक्य, मुलींच्या शौचालयात पाणी नाही. माझी पोर दीड वर्ष शाळेत पाणीच पीत नव्हती, घरी आली की दप्तर टाकून आधी बाथरूमकडं पळायची, आणि मी तिलाच ओरडत होते की भरलेली बाटली तशीच परत का आणतेस म्हणून. ते आठवलं की अजून पोटात कसंतरी होतं.

आता घरात वाद चाललाय. मिस्टर म्हणतात सरळ गेटवर अ, ब, क अशी पाटी लावा, लोकांना कळू दे शाळा कशी आहे. मला वाटतं पाटी राहू दे, आधी तो शेरा पालकांच्या सभेत मराठीत वाचून दाखवा आणि पुढं काय केलं ते सांगा. तुमचं मत लिहा.

उद्यमबागवाला
ताई, तुमच्या मिस्टरांचं बरोबर आहे. मी फौंड्रीत शिफ्टला असतो, सभा असते सकाळी अकराला, मी कधी जाऊ? फ्रीज घेताना पण स्टार बघून घेतो की आपण, आणि पोराची शाळा बघायची म्हणजे काय बघायचं तर बस आहे का, टाय आहे का. मी तसंच केलं, थोरल्याला इंग्लिश मीडियमला घातलं, तीन वर्षं फी भरली आणि पोराला धड वाचता येत नव्हतं ना इंग्लिश ना मराठी. कुणीतरी आधी सांगितलं असतं ही शाळा क आहे तर कशाला गेलो असतो? साहेब लोक बघून जातात, त्यांना माहीत असतं, आपल्यालाच माहीत नसतं. एक अक्षर लिहा म्हणजे झालं.

खानापूरचे मास्तर (निवृत्त)
उद्यमबागवाले, तुमची तळमळ कळते, पण ते एक अक्षर कसं ठरतं ते बघा. आमच्या आजोबांच्या काळात दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब यायचे, पोरांना उभं करून पाढे विचारायचे आणि जायचे. आताची पद्धत तशी नाही. २०१५ पासून शाळा सिद्धी म्हणून केंद्राची पद्धत आहे, त्यात ७ क्षेत्रं आणि ४६ मानकं, प्रत्येक मानकाला तीनपैकी एक स्तर. शाळेत काय सोयी आहेत, शिकवणं कसं आहे, मुलांची प्रगती, शिक्षकांचं काम, मुख्याध्यापकांचं नेतृत्व, समावेशन आणि आरोग्य, आणि गावाचा सहभाग. आधी शाळा स्वतःच भरते, त्यावर बाहेरून मूल्यांकन. म्हणजे शौचालयाचं पाणी वेगळं आणि वाचन वेगळं. ह्या सगळ्याचं एक अक्षर केलंत की पाणी नाही हेच त्यात बुडून जातं.

आणि दुसरं. मी कणकुंबी, जांबोटीकडं बरीच वर्षं होतो. जुलैत तिकडं ओढा भरला की पलीकडच्या वाडीतली पोरं येऊच शकत नाहीत. एकदा साहेब नेमके त्याच दिवशी आले, पटावर २३ आणि वर्गात ९. शेरा पडला, उपस्थिती असमाधानकारक. ओढ्याचं नाव त्यात कुठंच नाही. त्यावर तुम्ही क ची पाटी लावली असती तर त्या वाडीतल्या लोकांनी काय समजायचं, मास्तर झोपा काढतो?

चिकोडीकर
पण ग्रेड तर येतोच ना पेपरात? जिल्ह्याचा येतो, राज्याचा येतो. तोच बघायचा.

खानापूरचे मास्तर (निवृत्त)
नाही हो, तिथंच लोकांची गल्लत होते. पेपरात येतो तो परफॉर्मन्स ग्रेडिंग इंडेक्स, म्हणजे शिक्षणातल्या कामगिरीचा केंद्राचा ग्रेड, तो राज्याला आणि जिल्ह्याला असतो. ४ डिसेंबर २०२४ ला तिसरी, सहावी, नववीची परख नावाची देशभरची चाचणी झाली ती पण निवडक शाळांतल्या निवडक मुलांची. तुमच्या गल्लीतली शाळा कशी आहे ते ह्यातलं काहीच सांगत नाही. आपल्याकडं तर एकाच जिल्ह्यात बेळगाव आणि चिकोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे. आकडा कुठला, कुणाचा, हे आधी बघावं.

मच्छेची मावशी
माझी बहीण इंग्लंडात आहे, तिच्याकडून ऐकलेलं लिहिते. तिथं ऑफस्टेड म्हणून खातं आहे, ते शाळेला एका शब्दात ग्रेड द्यायचं, एकदम उत्तम, चांगली, सुधारणा हवी, आणि सगळ्यात खाली अपुरी. वरच्या ग्रेडच्या शाळेजवळ घरं महाग, खालच्या शाळेला कुणी जायला तयार नाही. २०२३ मध्ये एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिकेनं शाळेचा ग्रेड उतरवणार हे कळल्यावर जीव दिला, चौकशीत पण तपासणीचा त्यात वाटा होता असंच निघालं. मग सप्टेंबर २०२४ पासून सरकारी शाळांचा तो एक शब्द काढून टाकला. जिथं इतकी वर्षं चाललं तिथंच सोडून दिलं, आणि आपण आता पाटी रंगवायला बसायचं?

उद्यमबागवाला
मावशी, वाचून वाईट वाटलं, खरंच. पण तिथला रिपोर्ट कुणालाही नेटवर वाचता येतो, हो की नाही? शब्द काढला तरी रिपोर्ट आहेच. आपल्याकडं रिपोर्ट कपाटात. मास्तर म्हणतात ७ आणि ४६, मान्य, पण ते ४६ कुठल्या पालकानं आजवर बघितलेत? एक अक्षर नको म्हणता तर मला दुसरं काहीतरी द्या की, काहीच नको असं कसं चालेल.

भाग्यनगरचा दादा
मूळ प्रश्न भाषेचा आहे आणि तो कुणी बोलत नाही. कर्नाटकात राहतो तर कानडी वाचायला शिका की ताई. २०१५ च्या कायद्यानं शाळेत कन्नड सक्तीचं आहेच, तुमची मुलगी वाचेल. दरवेळी मराठीत द्या, मराठीत द्या म्हटलं की साहेब लोक राजकारण समजतात आणि पाण्याचा मुद्दा मागं पडतो.

शहापूरची आई
दादा, मुलगी शिकतेच आहे आणि छान शिकतेय, मला त्याचा आनंदच आहे. पण ती शेरेबुक वाचण्याइतकी होईपर्यंत शाळा सोडून गेलेली असेल. मी शेरा मराठीत लिहा म्हणत नाही, साहेबांनी कानडीतच लिहावा. सभेत कुणीतरी उभं राहून दोन मिनिटं मराठीत वाचून दाखवावा एवढंच. एसडीएमसीत बहुतेक आम्ही आयाच आहोत, आम्हाला कळलं नाही तर ती कमिटी कशाला?

खानापूरचे मास्तर (निवृत्त)
ताईंचं म्हणणं कायद्याला धरून आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असं स्पष्ट आहे. मुलामुलींची वेगळी शौचालयं, प्यायचं पाणी, ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, हे पण त्याच कायद्याच्या परिशिष्टात. शेऱ्याची प्रत हवी असेल तर माहिती अधिकारात १० रुपये भरून अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आणि उद्यमबागवाले, तुम्ही मागितलं म्हणून सांगतो. आजच रात्री पोराला दुसरीच्या पुस्तकातला एक परिच्छेद मोठ्यानं वाचायला लावा, मग ४१ वजा १३ करायला सांगा, हातच्याचं. असर नावाचा सर्व्हे २००५ पासून खेड्यात घरोघरी जाऊन असंच बघतो. रात्री दहाला, शिफ्टवरून आल्यावर पण जमतं.

उद्यमबागवाला
धाकट्याला लावलं आत्ता. वाचलं त्यानं, अडखळत पण वाचलं. वजाबाकीत ३२ आलं, एकातून तीन जात नाहीत म्हणून उलटं तीनातून एक वजा केलं. हे मला आजवर माहीतच नव्हतं. तरी पाटीचं माझं मत तेच.

शहापूरची आई
इथलं सांगते. शनिवारी सकाळी शाळेत गेलो आम्ही सात जणी, अक्कांना पण नेलं, तिन्ही शेरे वाचून घेतले आणि मराठीत वहीत उतरवले, तारखेसकट. मुख्याध्यापक बाईंनी सांगितलं तिन्ही वेळा वर कळवलंय, पत्रं पण दाखवली. मंगळवारी प्लंबर आला. टाकी भरलेली होती, शौचालयाकडं जाणारा पाइपच जोडलेला नव्हता, हातभर तुकडा.

उद्यमबागवाला
बरं झालं. पण ताई, तुम्ही सात जणी गेलात म्हणून झालं. जिथं कुणीच जात नाही त्या शाळेतल्या पोरींचं काय?