मदत हवी आहे: लिलाव सुरू झाले की मायएसक्यूएल झोपतंय

नमस्कार मंडळी, मी नाशिकहून. लासलगाव, पिंपळगावचे कांद्याचे भाव रोज टाकतो अशी छोटी साइट आहे माझी, ४ जीबी रॅमचा व्हीपीएस (भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर), त्याच्यावरच अपाची (वेब सर्व्हर), पीएचपी (साइटचा कोड) आणि मायएसक्यूएल ८ (डेटाबेस) सगळं एकत्र. सकाळी लिलाव सुरू झाले की सगळे शेतकरी एकदम भाव बघायला येतात आणि नेमकं तेव्हाच "टू मेनी कनेक्शन्स" (डेटाबेसला एकावेळी फार जोडण्या झाल्या) अशी एरर येते.

म्हणून मी काय केलं, माय डॉट सीएनएफमध्ये (मायएसक्यूएलच्या सेटिंगची फाइल) मॅक्स कनेक्शन्स, म्हणजे एकावेळच्या जोडण्यांची मर्यादा, १५१ चे ५०० केले आणि इनोडीबी बफर पूल (डेटा रॅममध्ये ठेवायची जागा) १२८ एमबीवरून थेट ३ जीबी, कारण सगळीकडे वाचलं होतं की रॅमच्या ७०-८० टक्के द्या, पण ते फक्त डेटाबेससाठीच्या वेगळ्या मशीनला लागू होतं हे नंतर कळलं, तोवर रॅम संपून लिनक्सने मायएसक्यूएलच मारून टाकलं. क्वेरी कॅशची (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नांची, म्हणजे क्वेरींची, उत्तरं साठवायची सोय) जुनी ओळ टाकली तर सर्व्हर चालूच होईना, ८ मध्ये ते काढूनच टाकलंय.

आता बफर पूल १ जीबी आणि कनेक्शन्स परत १५१ वर आणलेत. स्लो क्वेरी लॉग (हळू चालणाऱ्या क्वेरींची नोंद) १ सेकंदावर लावला तर भावांच्या टेबलची एकच क्वेरी सारखी दिसतेय, तारखेच्या कॉलमवर इंडेक्सच (पटकन शोधायची सूची) नाहीये! मग आधी इंडेक्स टाकून बघू का रॅमच वाढवून घेऊ? आणि चालू साइटवर इंडेक्स टाकला तर टेबल लॉक होईल का? कोणी केलं असेल तर प्लीज सांगा, लोक त्या भावावर माल काढायचा की नाही ठरवतात हो.