मैत्रीवरचे नवे मराठी कवितासंग्रह सुचवाल का?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. भाची यंदा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, पुढच्या महिन्यात तिचा वाढदिवस. तिला मराठी कवितासंग्रह द्यायचाय, पण प्रेमकविता नकोत (ढिगाने आहेत तिच्याकडे). मैत्रीवरच्या हव्यात. होस्टेलची खोली, मेसचं बिल, नोकरीसाठी पांगलेला ग्रुप, रात्री दोनला 'झोपलीस का?' असा आलेला मेसेज, असं काहीतरी.

संदीप खरे, सौमित्र तिचे वाचून झालेत. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार २०११पासून ३५ वर्षांपर्यंतच्या लेखकांना मिळतो, म्हणून ती यादी चाळली. कवी सुशीलकुमार शिंदे (राजकारणी नव्हेत) यांचं 'शहर आत्महत्या करायचं म्हणतंय' (२०१९चा पुरस्कार) तिथेच सापडलं. नाव वाचूनच मागवावंसं वाटतंय, पण वाढदिवसाला हे शीर्षक हातात ठेवायचं म्हणजे ताई मलाच धरेल!

मुलींच्या मैत्रीबद्दल एखाद्या तरुण कवयित्रीने लिहिलेलं असेल तर फारच उत्तम. मुक्तछंद चालेल, बोलीतलं असेल तर आणखी छान. सुविचारछाप 'मैत्री म्हणजे...' नको. शक्यतो प्रकाशकाचं नावही सांगा, कवितेची पुस्तकं दुकानात पटकन मिळत नाहीत. आणि जमल्यास त्यातल्या आवडलेल्या दोन ओळी टाका, म्हणजे अंदाज येईल.