फोन घरातूनच येतोय! २००६चा 'व्हेन अ स्ट्रेंजर कॉल्स' खरंच इतक्या शिव्या खाण्यालायक आहे?

कंदीलवाली
शनिवारी नवरा गावाला, मुलगी मैत्रिणीकडे. मुद्दाम दिवे मालवून हा सिनेमा पुन्हा पाहिला आणि मला तो आवडला. आता बोला.

(दोन्ही सिनेमांचे शेवट खाली फोडलेत. न पाहिलेल्यांनी इथूनच मागे फिरावं.)

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. जिल जॉन्सन ही कोलोरॅडोतली शाळकरी मुलगी. मोबाईलवर ठरल्यापेक्षा ८०० मिनिटं जास्त बोलली म्हणून घरच्यांनी शिक्षा केलीय, आणि ते बिल फेडायला ती एका डॉक्टरांची दोन मुलं रात्रीपुरती सांभाळायला जाते. तळ्याकाठी आडबाजूला काचेचं अवाढव्य घर. मुलं वर झोपलेली. फोन वाजायला लागतो. आधी नुसता श्वास, मग प्रश्न: मुलांना बघून आलीस का? शेवटी पोलीस सांगतात की हे फोन त्याच घरातून येतायत.

मूळ सिनेमा १९७९चा, फ्रेड वॉल्टनचा. त्यात हा सगळा प्रकार पहिल्या वीसेक मिनिटांत आटोपतो. पुढे 'सात वर्षांनंतर' अशी पाटी येते आणि एक माजी पोलीस, आता खासगी गुप्तहेर, त्या खुन्याला शहरभर शोधत हिंडतो. माझं म्हणणं सरळ आहे: मूळ सिनेमा म्हणजे वीस मिनिटांचं सोनं आणि तासाभराचं शेपूट. २००६च्या रिमेकचा दिग्दर्शक सायमन वेस्टने ते शेपूट छाटलं आणि वीस मिनिटांना पूर्ण घर बांधून दिलं. बरोबर केलं.

त्या घरात खोलीत पाऊल टाकलं की दिवे आपोआप लागतात. आधी वाटतं, श्रीमंतांचे चोचले. मग जिल अंधारात काचेपाशी उभी असते आणि पलीकडच्या गेस्टहाऊसमध्ये दिवा लागतो. कुणी हलल्याशिवाय तो लागणार नाही हे घराने आपल्याला आधीच शिकवून ठेवलेलं असतं. ना संगीताचा दणका, ना किंचाळी. नुसता दिवा. मी पांघरूण वर ओढलं.

अर्धवट_झोपेत
जोरदार असहमत. दिव्याचं कौतुक मान्य, पण दिव्याखाली अंधार आहे त्याचं काय?

पहिली गोष्ट, 'फोन घरातूनच येतोय' हा अख्ख्या गोष्टीचा हुकमाचा एक्का. तो रिमेकच्या ट्रेलरमध्येच उघडा करून ठेवला होता. तिकीट काढून बसलेल्या माणसाला जे माहीत आहे ते पडद्यावरच्या मुलीला कळायला तासभर लागतो. त्याला ताण नाही म्हणत, ताटकळणं म्हणतात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मूळ सिनेमात जिल वर जातच नाही. फोनवरचा माणूस पुन्हा पुन्हा विचारतो, मुलांना बघून आलीस का, आणि ती दाराची कडी तपासते, पडदे ओढते, पोलिसांना फोन करते, पण जिना चढत नाही. नंतर आपल्याला कळतं की मुलं केव्हाच मारली गेली होती. म्हणजे तो प्रश्न धमकीचा नव्हताच. तो तिला तिची चूक सांगत होता. रिमेकमध्ये मुलं जिवंत, सुखरूप. मग त्या प्रश्नात उरलं काय? वॉचमनची चौकशी?

अमेरिकेत १३ वर्षांच्या पोरांनाही एकट्याने थिएटरात बसता यावं म्हणून सगळं उकळून पाणचट केलंय, बाकी काही नाही.

कंदीलवाली
@अर्धवट_झोपेत, ट्रेलरचा मुद्दा मान्य. ज्याने तो कापला त्याला तळ्यात बुडवा. पण ती चूक सिनेमाची नाही, जाहिरातवाल्यांची.

मुलांच्या बाबतीत मात्र नाही पटत. मुलं मेली की सिनेमा खोल आणि वाचली की पाणचट, हा कुठला हिशेब? मुलं जिवंत असल्यामुळेच रिमेकच्या शेवटच्या अर्ध्या तासाला अर्थ येतो. जिलला पळायचं असतं, दार समोर असतं, आणि ती उलटी वर जाते. १९७९ची जिल स्वतःला वाचवते (आणि कॅरोल केनचा तो चेहरा मी जन्मात विसरणार नाही, ते वेगळं). २००६ची जिल स्वतःसोबत दोघांना वाचवते. ती कामावर होती हे या एकाच सिनेमाच्या लक्षात आहे.

तारवाला
टेलिफोन खात्यात उमेदवारीपासून निवृत्तीपर्यंत गेलो, म्हणून राहवत नाही. भुताखेतांचं तुम्ही बघा, तारेचं मी सांगतो.

'त्याला बोलण्यात गुंतवून ठेव, म्हणजे आम्हाला फोन शोधता येईल' हे वाक्य जुन्या काळात शंभर टक्के खरं होतं. यांत्रिक एक्स्चेंजमध्ये कॉल म्हणजे एकामागून एक जुळलेल्या सिलेक्टरांची, म्हणजे कॉल जोडणाऱ्या यांत्रिक स्विचांची, प्रत्यक्ष साखळी. फोन करणाऱ्याने रिसीव्हर ठेवला की साखळी सुटली, पुरावा गेला. तो बोलत असेपर्यंत आमच्या माणसाला रॅकमागून रॅक, उलट्या दिशेने चालत मूळ नंबरापर्यंत पोचावं लागे. १९७४चा 'ब्लॅक ख्रिसमस' बघा. घरातूनच येणारा फोन पडद्यावर त्यात आधी आलाय. एक्स्चेंजमधला माणूस खडखडणाऱ्या रॅकांमधून कसा पळतो ते दाखवलंय. खडखडाटासकट अगदी बरोबर. मी रात्रपाळीत तो आवाज ऐकत डबा खाल्लाय.

पण २००६? डिजिटल एक्स्चेंजला कॉल लागतानाच कुठून आला ते कळलेलं असतं. अमेरिकेत तेव्हा स्टार ५७ दाबलं की त्रासदायक कॉलची नोंद कंपनीकडे जात होती. तरी रिमेकमधले पोलीस त्या पोरीला सांगतात, मिनिटभर बोलत ठेव. कशाला बाबांनो? मी तिथेच हसलो आणि हसल्यावर भीती वाटत नाही.

आणि हो, एकाच लाइनच्या एक्स्टेन्शनवरून त्याच घरात असा साधा फोन लावता येत नाही. घरात दुसरी लाइन पाहिजे. डॉक्टरांचं घर म्हटल्यावर १९७९मध्ये तेवढं चालून जातं.

खवचट_बोका
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

मला एवढंच विचारायचंय, एवढ्या मोठ्या काचेच्या घरात पडदे एकाही खोलीला का नाहीत? आमच्या चाळीत दहा बाय दहाच्या खोलीला दोन पडदे होते, आणि ब्लँक कॉल आला की आजी रिसीव्हरमध्ये अशा चार शिव्या हासडायची की पलीकडचाच घाबरून ठेवायचा. जिलला एक आजी दिली असती तर सिनेमा सात मिनिटांत संपला असता.

जर्सीची_आई
@खवचट_बोका, हसले. पण आजी नसणं हाच तर या गोष्टीचा पाया आहे.

इथे अमेरिकेत येऊन वीस वर्षं झाली. लेक तेरा वर्षांची झाली तसे शेजारणीचे निरोप सुरू झाले, शुक्रवारी येईल का ती आमच्याकडे? मला आधी कळेचना. आपल्याकडे मूल सोडायचं तर समोरच्या काकूंकडे, नाहीतर मावशीकडे. इथे एक लहान मूल दुसऱ्या लहान मुलांना सांभाळायला परक्या घरात जातं. लेक पहिल्यांदा गेली तेव्हा तिचा मेसेज आला, 'आई, त्यांच्या बाथरूमचा दिवा कुठून लागतो ते सापडत नाहीये.' बस, एवढंच. मी गाडीची किल्ली हातात घेऊन बसले होते.

म्हणून मला रिमेकमधलं घर पटतं. ते जिलचं घर नाही. कुठल्या दारामागे काय आहे हे तिला ठाऊक नाही, आणि तो माणूस मात्र जिने-बोळ पाठ असल्यासारखा वावरतो. घराच्या मधोमध झाडं, पक्षी, तळं असलेली बाग. ती आधी तिथे कौतुकाने थांबते, आणि शेवटी त्याच पाण्यात मोलकरणीचं प्रेत सापडतं. पैसेवाल्यांच्या घरात तासावर काम करणाऱ्या दोघी, एक मेली आणि एक मरता मरता वाचली. मालक बाहेर जेवायला गेलेत.

मुलं सांभाळणाऱ्या मुलीची आणि घरातूनच येणाऱ्या फोनची ही दंतकथा उगाच जन्मली नाही हेही सांगते. १९५०च्या मार्चमध्ये मिझुरी राज्यातल्या कोलंबिया गावात मूल सांभाळायला गेलेल्या १३ वर्षांच्या मुलीचा खून झाला. या गोष्टीचं मूळ बरेचजण तिथे नेतात. तिथे मूल वाचलं होतं. मेली ती सांभाळणारी. तेव्हा @अर्धवट_झोपेत, मुलं मेल्याशिवाय गोष्टीला वजन नाही हे मला आई म्हणूनही पटत नाही.

अर्धवट_झोपेत
@जर्सीची_आई, तुमच्या लेकीच्या मेसेजने रिमेकपेक्षा जास्त घाबरवलं. हे मी गंभीरपणे म्हणतोय. परक्या घरातलं न सापडणारं बटण, याला भीती म्हणतात. रिमेकमध्ये तर दिवे आपोआप लागतात. बटण शोधायची गरजच ठेवली नाही!

आणि 'शेपूट' या शब्दाबद्दल @कंदीलवालीचा निषेध. त्या मधल्या तासात टोनी बेकली काय काम करतो ते पुन्हा बघा. ज्याच्या आवाजाने आपण थरथरलो तो खुनी वेड्यांच्या इस्पितळातून पळालेला, कळकट कोटातला, भुकेला माणूस निघतो. बारमध्ये एका बाईशी बोलायला जातो आणि दुसऱ्याकडून बेदम मार खातो. आपल्याला त्याची कीव येते, आणि कीव आल्याबद्दल स्वतःची किळस येते. हे करायला धाडस लागतं. बेकली तेव्हा आजारी होता, १९८०मध्ये गेला. तो थकवा अभिनयाचा नाही.

रिमेकमध्ये या माणसाला काय आहे? लान्स हेन्रिक्सनचा भारदस्त आवाज, टॉमी फ्लॅनगनचं शरीर, आणि मध्ये माणूसच नाही. एक 'अनोळखी'.

कंदीलवाली
अनोळखीच हवा ना! नावातच लिहिलंय. त्याचं बालपण, त्याची भूक मला नको. रात्री दोन वाजता वाजणाऱ्या फोनला बालपण नसतं. आपल्याकडे 'कौन' बघा, १९९९चा. उर्मिला घरात एकटी, बाहेर पाऊस, बेल वाजते. दारातला माणूस कोण हे माहीत नसतं तोवर तो सिनेमा अंगावर येतो. उत्तर मिळालं की अर्धी हवा गेली.

खवचट_बोका
'कौन'चं उत्तर फोडू नका, माझ्या बायकोने अजून पाहिला नाहीये.

तारवाला
@कंदीलवाली, एक गोष्ट तुमच्या बाजूने म्हणतो. ८०० मिनिटांची युक्ती मला आवडली. २००६मध्ये असा सिनेमा काढायचा तर आधी मोबाईलची विल्हेवाट लावावी लागते. लेखकाने ती 'रेंज नाही' म्हणून लावली नाही, बापाने शिक्षा केली म्हणून लावली. घरोघरी घडणारी गोष्ट आहे. माझ्या नातवाचा फोन आत्ता माझ्या टेबलाच्या खणात आहे.

कंदीलवाली
काल रात्री @अर्धवट_झोपेतचं ऐकून मूळ सिनेमा पुन्हा लावला, तोही मधला तास न ढकलता. बेकलीबद्दल माझा शब्द मागे. बारमधला प्रसंग बघवत नाही, म्हणजे चांगल्या अर्थाने. पण त्या माजी पोलिसाचं शहरभर हिंडणं अजूनही शेपूटच वाटतं, आणि रिमेकच्या बाजूची मी अजूनही हललेली नाही. एवढं मात्र कबूल की रिमेकचा शेवट, तो इस्पितळातल्या आरशाचा दचका, स्वस्त आहे. तिथे मी तुमच्यात.

आणि एक विसरलेच होते. सात वर्षांनंतरची जिल. लग्न झालंय, दोन मुलं, त्यांना सांभाळायला घरी एक मुलगी ठेवून नवऱ्याबरोबर हॉटेलात जेवायला आलीय. वेटर येऊन सांगतो, तुमचा फोन आहे. ती हसत उठते.

अर्धवट_झोपेत
आणि तुम्ही म्हणता शेपूट छाटलं ते बरं केलं.

कंदीलवाली
तेवढा एक तुकडा ठेवला असता तर चाललं असतं. बास, याहून पुढे सरकणार नाही.

जर्सीची_आई
मी आता लेकीला फोन करते.