धावपळीत प्रार्थनेला वेळ कुठून काढता? नागपूरकरांनो, आपापले अनुभव लिहा

सगळ्यांना सलाम. राखेचा बुधवार (ईस्टरआधीच्या उपासकाळाचा पहिला दिवस) जवळ आला की आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दरवर्षी तोच विषय निघतो, या चाळीस दिवसांत प्रार्थनेला जास्त वेळ द्यायचा. सगळे माना डोलावतात, मग मार्च एंडिंग येते, पोट्ट्यांच्या परीक्षा येतात, लग्नसराई येते आणि थेट खजूरांच्या रविवारी, ईस्टरच्या आदल्या रविवारी, भेट होते. म्हणून म्हटलं लोक खरंच काय करतात ते विचारू. पहाटे चारला उठा वगैरे लिहू नका प्लीज, ते सगळ्यांनाच माहीत आहे. किती वाजता, कुठे बसून, घरात कोण काय करत असते तेव्हा, ते लिहा. कॅथलिक, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट, पेंटेकॉस्टल, कोणीही. वाद घाला, फक्त पंथावरून नको.

माझं आधी सांगतो. मी मिहानमध्ये नोकरीला, कडबी चौकातून मेट्रो पकडतो आणि शेवटपर्यंत म्हणजे खापरीपर्यंत जातो. प्रार्थना स्टेशनांवर वाटून टाकली आहे. सीताबर्डीपर्यंत फक्त आभार, काही मागायचं नाही. बर्डीला अर्धा डबा ॲक्वा लाइनवाल्यांचा (दुसऱ्या मेट्रो मार्गावरून बदलून येणाऱ्यांचा) होतो, धक्काबुक्की, तिथे प्रार्थना होत नाही हे मान्य करून टाकलं. काँग्रेस नगर ते छत्रपती चौक घरच्यांची नावं, तिथून एअरपोर्टपर्यंत ऑफिसची नावं, त्यात मॅनेजरचंही नाव येते आणि ते घेताना काय वाटते ते इथे लिहीत नाही. एअरपोर्टच्या पुढे डबा रिकामा होत जातो, तिथे काहीच बोलत नाही. डोळे मिटलेले, कानात इअरफोन (काहीच लावलेलं नसते, कोणी बोलायला येऊ नये म्हणून). तुमचं सांगा.

वॉर्डातली सिस्टर
मी सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे, ड्यूटी तीन पाळ्यांत फिरते त्यामुळे "रोज ठरलेल्या वेळी" हा प्रकार आमच्या नशिबात नाही. आमच्याकडे बेसिनवर हात धुण्याचं पोस्टर असते, साबणाने 40 ते 60 सेकंद, हँडरबने 20 ते 30. साबणाच्या तेवढ्या वेळात "हे आमच्या स्वर्गातील पित्या" सावकाश म्हटलं तरी पूर्ण होते. मी एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाताना ते म्हणते, आणि "आमची रोजची भाकर" येते तिथे समोरच्या बेडवरच्या माणसाचं नाव घेते. दिवसभरात कितीदा होते मोजलं नाही. घरी आल्यावर वेगळं बसणं होतच नाही, नाईट करून आले की मी बिछान्यावर आडवी, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. बायबलमधला संदेष्टा एलीया थकून झाडाखाली झोपला तेव्हा देवदूताने त्याला रागावलं नाही, भाकर दिली, पाणी दिलं आणि पुन्हा झोपू दिलं.

टिफिनवाली, मानकापूर
सिस्टर ताई, अगदी माझ्या मनातलं लिहिलं. माझे सकाळचे डबे नऊला निघतात, पाचपासून पोळ्या सुरू. मला आमच्या जुन्या पाळकसाहेबांनी एका ब्रदर लॉरेन्सबद्दल सांगितलं होतं, 17व्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात स्वयंपाकी होता, आधी सैन्यात होता, पाय अधू झालेला, आणि त्याचं म्हणणं असं की भांड्यांच्या खडखडाटातही मी देवासोबत तेवढाच असतो जेवढा वेदीसमोर गुडघे टेकून. मला पहिल्यांदा वाटलं पुरुषमाणूस आहे, मठात आहे, त्याला काय सासू नाही पोरं नाही, बोलायला काय जाते. पण मग करून पाहिलं. एक पोळी लाटायची आणि जिच्या डब्यात ती जाणार तिच्यासाठी दोन शब्द. माझ्या डब्यांमध्ये एमपीएससीच्या पोरी आहेत, वर्धा रोडवरच्या एका ऑफिसचे लोक आहेत, एक आजोबा एकटे राहतात. आजोबांच्या पोळीला जरा जास्त वेळ लागते. कधीकधी तव्यावरची करपते, ती आम्ही खातो.

मंगळवारीचे काका
सगळ्यांना जय ख्रिस्त. मी रिटायर्ड माणूस, मला वेळच वेळ, म्हणून माझं बोलणं कोणाला टोचलं तर माफ करा. पण हे हात धुता धुता, पोळ्या लाटता लाटता जे चाललं आहे ते मला पुरेसं वाटत नाही. प्रभूने सांगितलं आपल्या खोलीत जा, दार लाव. दार लाव हे महत्त्वाचं. तो स्वतः पहाटे अंधारात उठून एकांतात गेला, मार्क 1:35 काढून पाहा, आणि त्याच्या आदल्या संध्याकाळी अख्खं गाव दारात जमलेलं होतं, म्हणजे तोही काही रिकामा नव्हता. आमच्या लहानपणी रात्री आठला रेडिओ बंद व्हायचा, आजोबा शास्त्र काढायचे, एक अध्याय, एक गीत, एक प्रार्थना, पाहुणा आला तरी त्याला चटईवर बसवायचे. 29 नोव्हेंबर 1970 ला इथे सदरच्या ऑल सेंट्समध्ये सहा मंडळ्या एक होऊन सीएनआय झाली ना, त्या दिवशी घरात एवढा गोंधळ, गावोगावचे पाहुणे उतरलेले, आणि तरी आठ वाजता चटई पसरली होती. आता घरोघरी टीव्ही संपून मोबाईल आला, चार जण चार कोपऱ्यात. चालता बोलता प्रार्थना ही मुख्य प्रार्थनेच्या जोडीला ठीक आहे, तिच्या जागी नाही.

बुटीबोरी नाईट शिफ्ट
काका मान्य पण दार लावायला दार पाहिजे ना. आम्ही सहा जणं दोन खोल्यात. मी कंपनीतून सकाळी साडेसातला येऊन राहिलो तेव्हा पोट्टे शाळेत जायची बोंबाबोंब, बायको डब्यात, आई आंघोळीला. मी गाडी लावली की घरात जात नाही, गाडीवरच बसून राहतो दहा मिनिटं, हेल्मेट काढत नाही. शेजारच्याला वाटलं बायकोशी भांडण झालं, त्याने आईला विचारलं. आता सगळ्यांना माहीत आहे की हेल्मेट आहे म्हणजे भाऊ प्रार्थनेत आहे, कोणी आवाज देत नाही. माझं दार म्हणजे हेल्मेटची काच.

वॉर्डातली सिस्टर
काका, रागावले नाही. पण जुन्या करारातला नहेम्या राजासमोर उभा होता, राजाने विचारलं तुला काय पाहिजे, आणि त्याने उत्तर द्यायच्या आधी स्वर्गातल्या देवाची प्रार्थना केली. राजाला थांबा म्हणून खोलीत गेला नव्हता 🙂

मंगळवारीचे काका
बाई, तोच नहेम्या पहिल्या अध्यायात कित्येक दिवस उपास करून रडून प्रार्थना करतो. म्हणून दुसऱ्या अध्यायात एका श्वासात जमली. तरी तुमचा मुद्दा पोचला.

सूनबाई
माझं थोडं वेगळं आहे. मी कॅथलिक, सासर हिंदू, धरमपेठेत एकत्र कुटुंब. लग्नानंतर पहिल्यांदा मी बाथरूममध्ये जाऊन जपमाळ करायची, कोणी मनाई केली नव्हती, मलाच अवघड वाटायचं. एकदा सासूबाईंनी माळ पाहिली आणि म्हणाल्या, हे काय लपवून राहिली, संध्याकाळी मी दिवा लावते तेव्हा तूही बस की. तेव्हापासून सातला त्या देवघरासमोर आणि मी त्याच खोलीत खिडकीपाशी खुर्चीवर. त्यांचं स्तोत्र दहा मिनिटांत होते, माझी पाच दशकं (जपमाळेचे दहा दहा मण्यांचे भाग) व्हायला वीसेक मिनिटं लागतात, तोपर्यंत त्या कोणाला खोलीत येऊ देत नाहीत. सासरेबुवांना चहा मागायलाही नाही. माहेरी असताना मला इतकी शांतता कधीच मिळाली नव्हती, तिथे सगळे ख्रिस्ती असून रोझरीच्या मध्येच कुकरच्या शिट्ट्या मोजायचे. ज्यांना पूर्ण रोझरी झेपत नाही त्यांनी एकच दशक करा, त्या दिवसाचं रहस्य (येशू-मरियेच्या जीवनातला मनन करायचा प्रसंग) घेऊन, सोमवार शनिवार आनंदाची, मंगळवार शुक्रवार दुःखाची, बुधवार रविवार गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची (ही शेवटची पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 मध्ये जोडली, म्हणून आमच्या मोठ्या आईला अजूनही गुरुवारी गडबड होते).

तान्ह्याची आई
लिहायला हात रिकामा नाही, थोडक्यात. रात्री दोनला आणि साडेचारला बाळ उठते. आधी त्या वेळी मी रील्स पाहायची. आता फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. पाठ असलेलं एकच स्तोत्र म्हणते, 121, "तुझा रक्षणकर्ता झोपणार नाही". कोणीतरी जागं आहे हे बरं वाटते. नवरा घोरून राहिला असते.

तान्ह्याची आई
आणि मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या वेस्ली बंधूंच्या आईबद्दल आमच्या मेथडिस्ट आजी सांगायच्या, सुझॅना वेस्ली, 19 बाळंतपणं, घरात बसायला जागा नाही, तर ती ॲप्रन डोक्यावरून ओढून घ्यायची आणि मुलांना कळायचं की आता आईला हात लावायचा नाही. आपल्याकडे पदर आहेच. माझ्या मोठ्या मुलीला पदर समजतो, बाळाला समजत नाही.

फोनचा मारलेला
आयटीवाला आहे, बायबल ॲप होतं, रोज सकाळी वचनाचं नोटिफिकेशन. वचन वाचायला फोन उघडायचा, वरून व्हॉट्सॲप, तिथून क्रिकेट, अर्धा तास गेला आणि वचन कोणतं होतं ते आठवत नाही. ॲप वाईट नाही, बस फोन हातात आहे हाच प्रॉब्लेम. छापील नवा करार घेतला खिशात मावणारा. स्तोत्र 119 मध्ये 176 वचनं आहेत, आठ आठचे 22 भाग, रोज एक भाग, आठ वचनं वाचायला दोन मिनिटं नाही लागत. (खिशातल्या नव्या करारामागे स्तोत्रसंहिता जोडलेली येते, ती बघून घ्या, काहीत नसते.) मे महिन्यात सकाळी साडेपाचला गच्चीवर, सहानंतर नागपूरच्या मे मध्ये गच्चीवर फक्त पापड वाळतात.

गोंदिया लाइन
मी शिक्षिका, रोज भंडारा रोडपर्यंत ट्रेनने. सीट मिळाली तर पवित्र शास्त्र काढते, नाही मिळाली तर उभ्यानेच मनात. डब्यात बायका विचारतात काय वाचता, त्यातून गप्पा होतात, त्यामुळे कधी वाचन राहते. त्याचं मला दुःख नाही. याच लाइनवर 1893 मध्ये कवी ना. वा. टिळक नागपूरहून राजनांदगावला जात होते आणि डब्यातल्या एका गोऱ्या माणसाने त्यांना नवा करार दिला, 1895 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेव्हा ट्रेनमधल्या गप्पांना मी वेळ वाया गेला असं म्हणत नाही. पण काकांचंही बरोबर वाटते मला. प्रवासात मी बहुतेक मागणंच मागते, डोक्यात शाळेची यादी असते. ऐकणं होत नाही. त्यासाठी शनिवारी दुपारी सदरच्या कॅथेड्रलमध्ये जाऊन बसते, तेव्हा आत फारसं कोणी नसते. पंखा चालू असेल त्याखालचा बाक. काही म्हणत नाही. शाळा अर्धा दिवस असते म्हणून जमते, ज्यांना पूर्ण शनिवार आहे त्यांना हे सांगून उपयोग नाही.

मंगळवारीचे काका
मॅडम, हेच म्हणत होतो. आणि बुटीबोरीवाले भाऊ, तुमच्या हेल्मेटला माझी हरकत नाही. मी माझ्या नातवाला सांगितलं, तो म्हणाला आजोबा तुम्ही पण घाला, मग आजी मध्ये मध्ये भाजी निवडायला देणार नाही.

टिफिनवाली, मानकापूर
काका भाजी निवडता निवडता पण होते बरं का 😄

गोंदिया लाइन
एक विचारायचं होतं, पूर्ण स्तोत्रसंहिता महिनाभरात वाचायची काही वाटणी असते ना? रोज पाच पाच केली तर 150 होतात पण 119 ज्या दिवशी येते त्या दिवशी भंडारा येऊन जाते.

कडबी चौक ते खापरी
असते. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात 30 दिवसांची आहे, सकाळ आणि संध्याकाळ असे दोन भाग. पहिल्या तारखेला सकाळी 1 ते 5, संध्याकाळी 6 ते 8, असं पुढे. 119 एकदम येत नाही, 24 तारखेच्या संध्याकाळपासून 26 च्या संध्याकाळपर्यंत तुकड्या तुकड्यात येते. 31 तारखेला 30 चीच परत वाचायची. फेब्रुवारीत 28 नाहीतर 29 ला थांबायचं आणि 1 मार्चला परत स्तोत्र 1, उरलेली भरून काढत बसायचं नाही. मी फोटो काढून टाकतो रात्री, आत्ता अजनी आलं.