मालवणात एकाच दिवशी पॅरासेलिंग, सिंधुदुर्ग आणि माशांचे जेवण: क्रम कसा लावावा?

प्रश्न: घाटावरचा पाहुणा

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मी, पत्नी, १२ वर्षांचा मुलगा आणि सत्तरी ओलांडलेली आई असे चौघे पुण्याहून तारकर्लीला जाणार आहोत. मुक्काम दोन रात्रींचा असला तरी पूर्ण मोकळा असा गुरुवारचा एकच दिवस हाती लागतो. मुलाला काहीही करून पॅरासेलिंग (बोटीला दोराने बांधलेल्या पॅराशूटने हवेत जाणे) करायचे आहे, मला सिंधुदुर्ग किल्ल्याचा तट फिरायचा आहे, आणि पत्नीचे म्हणणे असे की मालवणात जाऊन सुरमई आणि कोंबडी-वडे खायचे नसतील तर पुण्यातच राहिलेले काय वाईट. अडचण माझीच आहे. मला उंचीची भीती वाटते, बोटही लागते, आणि तरीही मुलाला एकट्याला वर सोडण्याचा धीर होत नाही. या तीन गोष्टींचा क्रम कसा लावावा, आणि पोटात काय व किती असताना बोटीत बसावे, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर: दांडीवरचा

आपला बेत वाऱ्याप्रमाणे ठरवावा, बाकीचे त्यामागून येईल. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. तो हलका असतो आणि किनाऱ्याजवळचे पाणी बरेचसे शांत राहते. जमीन तापली की समुद्रावरून खारा वारा सुटतो, दुपारनंतर तो वाढत जातो आणि पाण्यावर लाटा उठू लागतात. म्हणून पॅरासेलिंग सकाळी आठ-नऊच्या सुमारास उरकावे, तेथून मालवणच्या धक्क्यावर येऊन किल्ल्याची होडी धरावी आणि दीडच्या सुमारास जेवायला बसावे.

उंचीबद्दल दोन शब्द. दोर बोटीवरच्या विंचला, म्हणजे दोर गुंडाळण्या-सोडण्याच्या यंत्राला, बांधलेला असतो आणि तो हळूहळू सोडत माणसाला बोटीवरूनच वर नेतात. ३०० फूट दोर सोडला म्हणजे आपण ३०० फूट वर गेलो असे होत नाही, कारण दोर तिरपा असतो. ४५ अंशांचा कोन धरला तर उंची २१० फुटांच्या आसपास भरते. (फलकावरचे आकडे वाचून घाबरणाऱ्यांना मी हे गणित आवर्जून सांगतो.) कड्यावरून खाली पाहताना जशी पायाखालची जमीन सरकते, तसे वर गेल्यावर मला कधी झाले नाही, पोटात खड्डा पडतो तो उचलले जातानाच्या पहिल्या काही क्षणांत. मात्र दोर जुना, विरलेला किंवा मध्ये गाठ मारलेला दिसला, तर पैसे परत मिळोत वा न मिळोत, बसू नये. ऊन आणि खारे पाणी दोराची ताकद खातात, आणि गाठीपाशी तो आणखी कमजोर होतो. जॅकेटचे पट्टे मुलाच्या अंगाला घट्ट बसतात की नाही, हेही आपण स्वतः ओढून पाहावे.

उत्तर: आगळ

वरील उत्तराशी सहमत आहे, पण पोटाचा प्रश्न त्यात सुटून गेला. आपल्याला त्रास होईल तो उंचीचा कमी आणि बोटीचा जास्त, कारण दुसऱ्यांची पाळी संपेपर्यंत बोट एकाच जागी डुलत राहते आणि खरी परीक्षा तेव्हा असते. मी स्वतः एकदा उलटा क्रम लावला होता: आधी भरपेट थाळी, वर दोन वाट्या सोलकढी, आणि मग दुपारी दोन वाजता बोट. वर असताना मी ठणठणीत होतो. खाली उतरून इतरांची वाट पाहत बसलो, आणि पुढे जे झाले ते लिहिण्यासारखे नाही. सोलकढी पाचक असते हे खरे, तरी तिच्यावर इतका भार टाकू नये.

उपाशीपोटी जाणेही चूकच आहे, रिकाम्या पोटी मळमळ लवकर सुरू होते. निघण्याच्या तासभर आधी दोन घावणे आणि थोडी चटणी, एवढे पुरे. बोटीत बसल्यावर नजर क्षितिजावर ठेवावी, मोबाइलमध्ये घालू नये. दुपारी मात्र हात आखडता घेण्याचे कारण नाही. बांगड्याच्या तिखल्यात (तिखट कालवणात) तिरफळे ही मसाल्याची फळे असतील, ती स्वादापुरती घातलेली असतात; चावू नयेत, ताटाच्या कडेला काढून ठेवावीत.

उत्तर: माहेर वेंगुर्ले

आपण वाराचा विचार केलेला दिसत नाही. डिसेंबरचा तिसरा आठवडा बहुधा मार्गशीर्षात येतो, आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी आमच्याकडे कित्येक घरांत मासे शिजत नाहीत. घरगुती खाणावळीत जेवणार असाल तर आदल्या दिवशी विचारून घ्यावे, नाहीतर पत्नीची सुरमई हुकेल. आपल्या मातोश्री गुरुवार करीत असतील तर त्यांच्यासाठी आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचे सांबारे सांगून ठेवावे. नारळाच्या गोड रसातले शिरवाळेही कोठे मिळाले तर सोडू नयेत. ओल्या काजूची उसळ त्या दिवसांत मागू नये, तिचा हंगाम फेब्रुवारीनंतरचा.

किल्ल्यावर होडीवाले साधारण तासाभराचाच वेळ देतात. तट जवळजवळ तीन किलोमीटरचा असल्याने तेवढ्यात तो पुरा होत नाही, हे आधीच मनाशी धरावे. १६६४ साली कुरटे बेटावर बांधकामास आरंभ झाला. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठा काळातील १२ दुर्गांत हाही आहे. मातोश्रींना शिवराजेश्वराच्या, म्हणजे शिवाजी महाराजांच्या, मंदिरापर्यंत न्यावे, वाटेत दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी दाखवाव्यात, आणि तटावर आपण दोघा बापलेकांनीच चढावे. तेथे काही ठिकाणी कडेला आधार नाही, तेव्हा आपल्या भीतीची खरी कसोटी बोटीपेक्षा तटावरच लागेल.

प्रश्नकर्त्याचे उत्तर: घाटावरचा पाहुणा

आई गुरुवार करतेच, आणि हे माझ्या ध्यानात यायला वेंगुर्ल्याच्या ताईंनी सांगावे लागले. मुक्काम एका रात्रीने वाढवला आहे. गुरुवारी सकाळी घावणे, पॅरासेलिंग, किल्ला आणि दुपारी सर्वांना आंबोळी. सुरमई आणि कोंबडी-वडे शुक्रवारी. पत्नीने मान्यता दिली आहे, परंतु वडे दोन्ही वेळा हवेत, अशी अट घातली आहे.