कुत्र्याची अंघोळ: तुमच्या घरी कशी होते?

आमची बुंदी लॅब्रॅडॉर, दीड वर्षाची. तळ्यात बेधडक उडी मारते, पण बाथरूमचं दार वाजलं की पलंगाखाली. गेल्या रविवारी २८ किलोचा हा ऐवज दोघांनी उचलून नेला, तर फरशीवर चारही पाय फाकले आणि ती थरथरायला लागली. मी नळ बंद केला. तुम्ही कसं करता? जमलेलं, फसलेलं सगळं लिहा.

---

पाण्याला नाही, घसरण्याला घाबरत असेल. आमचा शेरूही असाच थरथरायचा. मी ओलं गोणपाट अंथरलं, नखं रुतायला जागा मिळाली आणि गडी उभा राहिला. त्याआधी आठवडाभर त्याला नुसतं कोरड्या बाथरूममध्ये नेत होतो. उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यायचा आणि बाहेर यायचं.

पाणी कोमट. पायांपासून सुरुवात, मग पोट, पाठ. डोक्यावर तांब्या ओततच नाही, शेवटी ओल्या पंचाने तोंड पुसतो. डोकं भिजलं की ते अंग झाडतात आणि मग आपलीच अंघोळ.

---

लोंबत्या कानांचं कुत्रं असेल तर कानात पाणी जाऊ देऊ नका. आमच्या कॉकरला त्यावरून दोनदा संसर्ग झाला. आता कापसाचे मोठे बोळे अलगद बसवते, आणि काढायची आठवण म्हणून दोन बोळ्यांचा आकडा मोठ्याने म्हणते.

---

माझी चूक सांगते, कुणाची टळली तर बरं. पावसाळ्यात मोतीला गोचिडी झाल्या. मी अंघोळीच्या पाण्यात घरातलं जंतुनाशक दोन झाकणं टाकलं. संध्याकाळपर्यंत पोट लालभडक, आणि ते बिचारं रात्रभर चाटत बसलं. डॉक्टर म्हणाले, कातडी तर भाजतेच, चाटल्यावर ते पोटातही जातं. फार वाईट वाटलं मला.

माणसांचा शाम्पूही नको. आपल्या कातडीचा पीएच साडेपाचच्या आसपास, त्यांचा सातच्या जवळ. त्याने कातडी कोरडी पडून खाज सुटते.

आणि गोचिडी अंघोळीने जात नाहीत, घट्ट धरून बसतात. बोटांच्या बेचक्यांत, कानाच्या पाळीत, शेपटीखाली बघायचं. मानेवर सोडायचं औषध असेल तर त्याच्या आधी-नंतर दोन दिवस अंघोळ टाळा, असं आम्हाला सांगितलंय. आम्ही रत्नागिरीकडचे, इथे जुलैत काही वाळत नाही. वरचे केस कोरडे लागतात, आतली लव ओलीच राहते आणि तिथेच चट्टे उठतात. म्हणून पावसाळ्यात पूर्ण अंघोळ महिन्यातून एकदाच, तीही उघडीप बघून सकाळी. एरवी फिरून आला की पाय धुऊन बोटांमधलं पुसते.

---

आमची चिमी १४ वर्षांची आहे. मागच्या पायांत जोर नाही, उभं राहवत नाही. मी मोरीत पाटावर बसतो, तिला मांडीवर आडवी घेतो आणि मगाने थोडं थोडं पाणी सोडतो. लहानपणी हिला धरायला तिघं लागायचे. आता कानामागे फेस चोळला की डोळे मिटते आणि हनुवटी माझ्या मनगटावर टेकवते. हात अवघडतो, तरी हलवत नाही. जुन्या सुती साडीचे तुकडे ठेवलेत, टॉवेलपेक्षा लवकर पाणी ओढतात. मग गॅलरीत उन्हाचा पट्टा येतो तिथे तिची सतरंजी सरकवतो.