खाऱ्या टाकीतले केसाळ किडे: दिसेल तो काढावा की आधी ओळखावा?

खारवट:
माझे मत सरळ आहे. समुद्री माशांच्या १५० लिटरच्या टाकीत दिवे मालवल्यावर दगडाखालून गुलाबी-तपकिरी, कडेला पांढऱ्या केसांचे झुबके असलेले किडे निघत असतील, तर दिसेल तो काढावा. टॉर्चवर लाल जिलेटीन कागद लावा, म्हणजे ते लगेच आत पळत नाहीत. लांब चिमट्याने धरायचे आणि ओढून घ्यायचे. केस कातडीत घुसून मोडतात, म्हणून रबरी हातमोजे हवेतच; टोचलेच तर चिकटपट्टी लावून उपटा आणि वर व्हिनेगर लावा. ओळख पटवण्यात आठवडे घालवणाऱ्यांच्याच टाक्या किड्यांनी भरतात.

तिसवाडीकर:
ओढण्याचा सल्ला मागे घ्या. युरिथो हा उष्ण समुद्रांतला नेहमीचा फायरवर्म (केस टोचून आग करणारा किडा) तुटला की तुकड्यांचे नवे किडे होतात. समुद्रातही तो असाच वाढतो. अर्धा दगडात राहिला तर तुम्ही संख्या वाढवलीत.

आणि नुसत्या केसांवरून काही कळत नाही, डोके बघा. एक किडा टाकीच्याच पाण्यासह पांढऱ्या बशीत घ्या. फार वळवळत असेल तर लिटरभर गोड्या पाण्यात ७५ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड विरघळवा, तितकेच टाकीचे पाणी मिसळा आणि किडा १०-१५ मिनिटे त्यात ठेवा. तो सैल पडतो. मग दहापट भिंग. डोक्यावर पाच मिशा, भक्कम जबडे आणि अंगावर इंद्रधनुषी चमक असेल तर युनिस, हा शिकारी किडा. डोक्यामागे पाठीवर मांसल तुरा आणि केसांचे दाट झुबके असतील तर फायरवर्मचे कूळ. बिळातून नुसत्या दोन लांब मिशा हलताना दिसतात तो स्पायोनिड, निरुपद्रवी. काचेवरची दोनेक मिलिमीटरची पांढरी वेटोळी म्हणजे स्पायरॉर्बिड, नळीत राहणारे छोटे किडे. ती खरवडून काय मिळणार? काढायचा तो युनिस, आणि तोही दगडासकट बाहेर घेऊन.

खारवट:
युनिसबद्दल मान्य. पण पोवळ्यावर बसलेल्या फायरवर्मचे फोटो लोक सतत दाखवतात, त्याचे काय?

तिसवाडीकर:
पोवळी खातो म्हणून बदनाम झालेला हर्मोडिस हा दुसरा फायरवर्म, अटलांटिक आणि भूमध्य समुद्रातला. युरिथो मुख्यतः मेलेले, सडलेले खातो. मरणाऱ्या पोवळ्यावर तो नंतर पोचतो. आधी क्षारता (पाण्याचा खारटपणा) आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलण्याची ताकद) तपासा. सगळे मारायला तांब्याचे औषध टाकाल तर कोळंबी, पोवळी जातीलच, दगडात मेलेले किडे सडून अमोनिया चढेल आणि तांबे दगडात मुरून राहील.

साळकाठ:
दगड आला कुठून, हे दोघेही विचारत नाही. गोव्यातल्या हणजूण-वागातोरच्या खडकांवरून दगड उचलून टाकीत टाकणे बंद करा. त्यावर दगडी पोवळे असेल तर तो गुन्हा आहे. २००१ पासून ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. जून ते सप्टेंबर समुद्राचे पाणीही आणू नका, मांडवी-झुआरीच्या पुराने दोनापावलकडची क्षारता उतरलेली असते. टाकीत १.०२५ घनता (गोड्या पाण्याच्या तुलनेत) हवी.

विकतचा नवा दगड, पोवळे नसलेला, १.०३५ घनतेच्या पाण्यात ५ मिनिटे बुडवा. खेकडे आणि किडे स्वतःहून बाहेर पडतात. मग चार आठवडे वेगळ्या बादलीत, पंप लावून. हीटर आपल्याकडे लागत नाही, उलट सावली लागते.

खारवट:
ओढणे सोडतो, कमी करणे नाही. १० सेंटीमीटर लांब पीव्हीसी पाइप, दोन्ही टोकांना बूच, अंगाला ५ मिलिमीटरची भोके, आत कच्च्या सुंगटाचा (कोळंबीचा) तुकडा. दिवे मालवल्यावर वाळूवर ठेवा, दोन तासांनी उचला. रात्रभर ठेवलात तर खाऊन निघून जातात.

तिसवाडीकर:
सापळ्याला विरोध नाही, पण सोबत खाद्य घटवा. मासे दोन मिनिटांत संपवतील तेवढेच टाका, गोठवलेले खाद्य वितळल्यावर त्याचे पाणी फेकून द्या. त्यानंतर महिन्याभरानेही रात्रीला दहा-बारा किडे सापळ्यात येत असतील, तर दगड हलवून मागची वाळू बघा; तिथे काहीतरी सडत आहे.